तीन देशांत पसरलेलं एक शहर: सीमेपलीकडच्या नगर नियोजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देशाची हद्द शहराच्या मधूनच जात असेल तर रस्ता, ट्राम, मैलापाणी आणि मतपेटी यांचं काय होतं? नगररचनेचे विद्यार्थी, नगरसेवक आणि हौशी वाचक याबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मुख्य उदाहरण बाझलचं आहे. ते जिथे पुरत नाही तिथे जिनिव्हा, स्ट्रासबुर्ग आणि युरोपातल्या आणखी काही जोडशहरांची मदत घेतली आहे.

बाझलच का निवडलं?

कारण बाझलला वाढायला स्वतःच्या देशात जागाच नाही. ऱ्हाइन नदी जिथे उत्तरेकडे वळते, तिथे स्वित्झर्लंडच्या कोपऱ्यात हे शहर आहे. बाझल-स्टाट हे कँटन (म्हणजे तिथलं राज्यच) जेमतेम ३७ चौरस किलोमीटरचं, आणि त्यात बाझल, रीहेन आणि बेटिंगेन अशा तीनच पालिका. लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. शहराला खेटून फ्रान्समधली सँ-लुई आणि ह्युनिंग ही गावं, नदीच्या उजव्या काठावर जर्मनीतलं वाइल आम ऱ्हाइन, त्याच्या पलीकडे लोराख. रोश आणि नोव्हार्टिस या औषध कंपन्यांची मुख्यालयं बाझलमध्ये आहेत, आणि तिथे काम करणारे हजारो लोक रोज सकाळी दुसऱ्या देशातून येतात.

सोयीसाठी नकाशा वाकवायची सवय इथे जुनी आहे. बाझलचा विमानतळ फ्रान्सच्या जमिनीवर आहे. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांनी १९४९ साली करार करून तो दोघांचा ठरवला, आणि शहरातून तिथे जाणारा सीमाशुल्काचा वेगळा रस्ता फ्रेंच हद्दीतून जातो. उलट, जर्मन रेल्वेचं एक मोठं स्टेशन बाझल शहरात, म्हणजे स्विस भूमीवर आहे. स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य आजही नाही, तरी हे सगळं चालतं. त्यामुळे 'संघ आहे म्हणून जमतं' हे उत्तर बाझलच्या बाबतीत अर्धंच खरं.

म्हणजे तिन्ही देशांचा मिळून एकच विकास आराखडा असतो का?

नाही. सर्वात मोठा गैरसमज हाच आहे. बांधकामाला परवानगी देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार कुठल्याही संयुक्त मंडळाकडे नाही. जमिनीचा वापर ठरवणारा कायदेशीर आराखडा ज्याचा त्याचा: फ्रान्सचा फ्रेंच कायद्याने, जर्मनीचा जर्मन कायद्याने, बाझलचा कँटनच्या कायद्याने. संयुक्तपणे होतं ते म्हणजे एक सामाईक चित्र. वस्ती कुठे दाट करायची, नदीकाठ कुठे मोकळा ठेवायचा, पूल आणि ट्राम कुठून न्यायची, हे त्यात ठरतं. मग प्रत्येक पालिका ते आपापल्या आराखड्यात उतरवते. उतरवलं नाही तर कुणी तिला कोर्टात खेचू शकत नाही.

बाझल, ह्युनिंग आणि वाइल यांनी बंदराच्या आसपासच्या भागासाठी 'थ्री-लँड' नावाने असंच एक चित्र मांडलं आहे. २०१० ते २०२० या काळात 'आयबीए बाझल' हे बांधकाम-प्रदर्शन झालं. जर्मनीत अशा प्रदर्शनांची जुनी परंपरा आहे. ठरलेल्या मुदतीत एखाद्या प्रदेशातले प्रकल्प निवडायचे, तावून सुलाखून घ्यायचे आणि लोकांसमोर ठेवायचे. तीन देशांत मिळून ते पहिल्यांदा झालं ते इथे.

मग करारावर सही कोण करतं? पालिका थेट परदेशी पालिकेशी करार करू शकते?

करू शकते, पण त्यासाठी आधी देशांनी वाट मोकळी करून द्यावी लागते. १९८० साली माद्रिदमध्ये युरोप परिषदेचा (ही युरोपीय संघाहून वेगळी संघटना) एक चौकट-करार झाला. स्थानिक संस्थांनी सीमेपलीकडे सहकार्य करायला हरकत नाही, एवढं त्यात मान्य झालं. १९९६ च्या कार्ल्सरूह करारात फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि स्वित्झर्लंड यांनी पुढचं पाऊल टाकलं: या चार देशांतल्या पालिका आपसांत करार करू शकतात, संयुक्त संस्था काढू शकतात. २००६ मध्ये युरोपीय संघाने एक नियम केला. त्यानुसार दोन देशांतल्या पालिका मिळून स्वतःचं अंदाजपत्रक आणि स्वतःचे कर्मचारी असलेला एक कायदेशीर 'गट' स्थापन करू शकतात. असा पहिला गट जानेवारी २००८ मध्ये फ्रान्समधलं लील आणि बेल्जियममधली कोर्ट्रेक, टूर्ने या शहरांचा झाला.

बाझलला मात्र यातल्या कशाचीही वाट पाहायची नव्हती. सीमेपलीकडच्या सहकार्यासाठीची 'रेजिओ बाझिलिएन्झिस' ही संस्था १९६३ पासून काम करते आहे. आज जो 'त्रिराष्ट्रीय युरोडिस्ट्रिक्ट बाझल' (तिन्ही देशांतल्या स्थानिक संस्थांचा सामाईक मंच) आहे तो २००७ चा.

पैसा कुठून येतो?

लोकांना वाटतं युरोपीय संघ देतो. देतो, १९९० पासून 'इंटररेग' नावाची योजना त्यासाठीच आहे. पण तो पैसा बहुधा अभ्यास, चाचणी, छोटे प्रकल्प यांना पुरतो. ट्रामचे रूळ त्यातून टाकले जात नाहीत. मोठ्या कामांसाठी स्वित्झर्लंडची 'महानगर प्रदेश' योजना जास्त उपयोगी पडली. तिच्यातून स्विस केंद्र सरकार वाहतुकीच्या प्रकल्पांना साधारण ३० ते ५० टक्के हिस्सा देतं, आणि काम सीमेपलीकडे असलं तरी स्विस शहराला उपयोगी असेल तर पैसा तिकडेही जातो. स्विस करदात्याच्या पैशातून जर्मनीत रूळ! भारतात एखाद्या राज्याने शेजारच्या राज्यातल्या रस्त्याला निधी दिला तर विधानसभेत काय होईल, कल्पना करा.

खरी गंमत कराची आहे. नियोजनाच्या पुस्तकांत ती सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फ्रान्समध्ये राहून जिनिव्हात नोकरी करणाऱ्याचा प्राप्तिकर जिनिव्हा पगारातूनच कापून घेतं. पण त्याच्या मुलांची शाळा, घरापुढचा रस्ता, पाण्याची पाइपलाइन हा खर्च फ्रेंच गावाच्या गळ्यात. म्हणून १९७३ मध्ये ठरलं की सीमेपलीकडून येणाऱ्यांच्या एकूण पगाराच्या ३.५ टक्के रक्कम जिनिव्हाने दर वर्षी शेजारच्या दोन फ्रेंच जिल्ह्यांना द्यायची. असे कामगार आता एक लाखाहून जास्त आहेत, म्हणजे रक्कम किरकोळ नाही.

बाझलमध्ये हाच प्रकार उलटा. १९८३ च्या करारानुसार बाझलसह आठ कँटनांत काम करणारा फ्रेंच रहिवासी कर फ्रान्समध्ये भरतो, आणि पगाराच्या ४.५ टक्के फ्रान्स त्या कँटनांना देतो. तेच दोन देश, आणि दोन शहरांत दोन उलट व्यवस्था. कोणती बरी? माझ्या मते, कुठलीही चालेल. पण हिशेब लेखी हवा. जिथे तो नसतो तिथे प्रत्येक बैठकीत 'तुमचे लोक आमचे रस्ते वापरतात' हे रडगाणं सुरू होतं आणि आराखडा बाजूला पडतो.

सीमा ओलांडणाऱ्या ट्रामबद्दल खूप ऐकलं आहे. तिने खरंच फरक पडला का?

पडला, पण ठरवला तसाच पडला असं नाही. बाझलची ८ नंबरची ट्राम १४ डिसेंबर २०१४ पासून जर्मनीत वाइलपर्यंत जाते. ३ नंबरची डिसेंबर २०१७ पासून फ्रान्समध्ये सँ-लुई स्टेशनपर्यंत. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गची डी मार्गावरची ट्राम एप्रिल २०१७ मध्ये ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या केलला पोचली, आणि पुढच्या वर्षी तिथल्या नगरपालिकेच्या दारापर्यंत.

हेतू असा होता की कामावर जाणाऱ्यांनी गाड्या घरी ठेवाव्यात. ते काही प्रमाणात झालं. त्यासोबत वाइलला शनिवारी बाझलकरांची खरेदीसाठी झुंबड उडू लागली, कारण स्विस भावांपुढे जर्मन दुकानं स्वस्त. वर, माल देशाबाहेर नेतो म्हणून गल्ल्यावर हिरवी पावती भरून घ्यायची, नाक्यावर शिक्का मारून घ्यायचा आणि जर्मन विक्रीकर परत मिळवायचा. आठ नंबरच्या ट्राममधून उतरणाऱ्या स्विस आजीबाईंच्या चाकांच्या पिशव्या हा वाइलमध्ये टिंगलीचा आणि तक्रारीचाही विषय आहे. शेवटी स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२५ पासून करमाफ खरेदीची मर्यादा माणशी ३०० फ्रँकवरून १५० वर आणली. केलमध्ये वेगळीच तऱ्हा: फ्रान्सपेक्षा सिगारेट स्वस्त, त्यामुळे ट्रामच्या वाटेवर तंबाखूची दुकानं फोफावली.

नियोजनकारांनी हे आधी ओळखायला हवं होतं का? हो. दोन बाजूंच्या किमतींत एवढी तफावत असताना रूळ जोडले की आधी पिशव्याच धावणार.

एखाद्या शहराने अशी ट्राम नाकारली आहे का?

हो. जर्मनी-पोलंड सीमेवर ओडर नदीच्या दोन काठांवर फ्रांकफुर्ट (मोठं फ्रँकफर्ट नव्हे, ओडरवरचं) आणि स्वुबित्से ही शहरं आहेत. पुलावरून ट्राम न्यायची की नाही, हे २००६ च्या सुरुवातीला जर्मन बाजूच्या नागरिकांना विचारलं गेलं आणि त्यांनी मोठ्या बहुमताने 'नको' म्हटलं. पुढे डिसेंबर २०१२ मध्ये साधी बस सुरू झाली, आणि ती चालली. २०१५ मध्ये तर दोन्ही शहरांची घरं गरम करणारी उष्णपाण्याची जाळी एकमेकांना जोडली गेली. जमिनीखालच्या पाइपांना कुणी विरोध केला नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या ट्रामला केला.

लोकसहभाग म्हणजे नेमकं काय? सीमेपलीकडच्या नागरिकाला कोण विचारतं?

इथेच सगळी व्यवस्था लंगडी आहे.

आधी तीन पद्धती पाहू. फ्रान्समध्ये मोठ्या आराखड्यावर सार्वजनिक चौकशी होते. प्रशासकीय न्यायालय एक स्वतंत्र चौकशी आयुक्त नेमतं, नगरपालिकेत नोंदवही ठेवली जाते, लोक तिच्यात किंवा ऑनलाइन म्हणणं लिहितात, आयुक्त ठरलेल्या वेळी समोर बसून ऐकतो आणि शेवटी अहवाल देतो. जर्मनीत कायद्यानेच दोन फेऱ्या आहेत: पहिली आराखडा कच्चा असताना, दुसरी मसुदा साधारण महिनाभर प्रसिद्ध करून. आलेल्या प्रत्येक हरकतीचा विचार करणं पालिकेच्या सभेवर बंधनकारक आहे. आपल्याकडच्या 'हरकती व सूचना' माहीत असलेल्याला हे ओळखीचं वाटेल. बाझलमध्ये याहून पुढची गोष्ट आहे: मतदान. कँटनच्या विधिमंडळाने खर्च मंजूर केला की ४२ दिवसांत २,००० सह्या गोळा करा, विषय थेट मतपेटीत जातो. शिवाय कँटनच्या राज्यघटनेच्या ५५ व्या कलमात लिहिलं आहे की एखाद्या मोहल्ल्याच्या हिताशी खास संबंध असलेल्या बाबतीत तिथल्या रहिवाशांना विचारात घ्यायचं.

आता एक प्रसंग घ्या. बाझलच्या बंदरात मालवाहू जहाजांसाठी तिसरी गोदी खोदायची होती. जागा जर्मन हद्दीजवळची, जुन्या रेल्वे यार्डाची, आणि तिथे दुर्मीळ कीटक आणि सरड्यांचं कोरडं माळरान तयार झालेलं. २९ नोव्हेंबर २०२० ला बाझल-स्टाटच्या मतदारांनी खर्चाच्या बाजूने कौल दिला. वाइलच्या रहिवाशाला मत नव्हतं. ह्युनिंगच्याही नाही. इतकंच काय, खुद्द बाझल-स्टाटमध्ये राहणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक परदेशी नागरिक आहेत; त्यांनाही नाही.

जिनिव्हाचं उदाहरण तर जास्त बोचतं. शहरातली वाहनांची गर्दी कमी व्हावी म्हणून शेजारच्या फ्रान्समध्ये वाहनतळ बांधायचे, लोकांनी गाडी तिथे लावून ट्राम-रेल्वेने यायचं, अशी योजना होती. जिनिव्हाचा वाटा सुमारे ३१ लाख फ्रँक, त्या कँटनच्या अंदाजपत्रकात चिल्लरच. १८ मे २०१४ ला जिनिव्हाच्या मतदारांनी तो थोडक्या फरकाने फेटाळला. 'आमचा पैसा परदेशात का?' एवढा मुद्दा पुरला. ज्यांच्या गावात वाहनतळ होणार होता आणि जे त्यात गाडी लावणार होते, ते मतदार यादीतच नव्हते. प्रक्रिया शंभर टक्के लोकशाहीची, आणि ज्यांना निकाल भोगायचा त्यातले निम्मे बाहेर.

यावर काही उपाय आहे का?

तीन तुकडे आहेत, पूर्ण उपाय नाही. पहिला, १९९१ चा एस्पो करार. एखाद्या मोठ्या प्रकल्पाचा पर्यावरणावर सीमेपलीकडे परिणाम होणार असेल तर शेजारी देशाला कळवावं लागतं आणि तिथल्या लोकांना आपल्या लोकांइतकीच म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. पण हे वीजकेंद्र, महामार्ग, मोठी बंदरं अशा कामांना लागू होतं. वस्तीच्या साध्या आराखड्याला बहुधा नाही. दुसरा, तिन्ही देशांतल्या निवडून आलेल्या लोकांची सल्लागार परिषद. बाझल युरोडिस्ट्रिक्टची अशी परिषद आहे. ठराव करते, निर्णय करत नाही. तिसरा, लहान निधी: दोन गावांच्या शाळा, क्लब, रहिवासी संघ यांनी एकत्र काही करायचं असेल तर थोडे पैसे. याला हसू नये. ओळखच नसेल तर सभेला येणार कोण?

मला स्वतःला चौथी गोष्ट जास्त पटते. सभा घ्या, पण वापरणाऱ्याला मोजा. ट्रामचा प्रवासी, पाळणाघरातल्या मुलाचे आईबाप, पुलावरून सायकलने जाणारा. त्याचा पत्ता कुठल्या देशात आहे हे न विचारता. स्ट्रासबुर्गच्या ऱ्हाइनकाठच्या वस्तीत २०१४ मध्ये एक पाळणाघर सुरू झालं: ६० मुलं, निम्मी फ्रेंच बाजूची, निम्मी जर्मन बाजूची. तिथल्या पालकांच्या बैठकीत जे सीमापार नियोजन होतं ते कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा खरं असतं.

भाषेची अडचण येत नाही?

येते. सभांना दुभाषे बसवतात, कागद दोन भाषांत निघतात, वेळ दुप्पट लागतो. पूर्वी आल्सासची (फ्रान्समधल्या ऱ्हाइनकाठच्या प्रदेशाची) बोली दोन्ही काठांवर चालायची. नव्या फ्रेंच पिढीत ती ओसरली आहे.

'शाश्वत' हा शब्द फक्त शोभेचा आहे का?

पुष्कळदा. पण नदीच्या बाबतीत नाही. १ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे बाझलजवळ श्वाइट्सरहाले इथे सँडोज कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं आणि पाऱ्याची संयुगं घेऊन ऱ्हाइनमध्ये गेलं, नदी लाल झाली, आणि खालच्या अंगाला ईल मासे ढिगाने मेले. ऱ्हाइनच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय आयोग १९५० पासून होता, पण त्याला दात फुटले ते या आगीनंतर. १९८७ मध्ये ऱ्हाइन कृती कार्यक्रम आला. त्यात सामन मासा नदीत परत आणायचं उद्दिष्ट होतं, म्हणजे यश मोजायला एक जिवंत माप. आज उन्हाळ्यात बाझलकर ऑफिस सुटल्यावर कपडे जलरोधक पिशवीत भरतात आणि नदीतून वाहत घरी जातात.

सांडपाण्याचं सगळ्यात साधं उदाहरण उत्तरेकडचं आहे. फिनलंडमधलं टोर्निओ आणि स्वीडनमधलं हापारांडा या शेजारी शहरांच्या घड्याळांत एक तासाचा फरक आहे, चलन वेगळं आहे, पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दोघांचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र एकच आहे. तेव्हा यातला एकही देश युरोपीय संघात नव्हता.

सीमा पुन्हा बंद झाली तर?

झाली होती. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे जर्मनीतलं कोन्स्टान्झ आणि स्वित्झर्लंडमधलं क्रॉइट्सलिंगेन यांच्या मधल्या बागेत कुंपण पडलं. लोक जाळीतून बोटं गुंफू लागले तेव्हा अंतर राखायला दुसरं कुंपण घातलं. इटलीतलं गोरित्सिया आणि स्लोव्हेनियातलं नोवा गोरित्सा यांच्या सामाईक चौकातलं जुनं कुंपण २००४ मध्ये समारंभाने काढलं होतं. २०२० मध्ये तिथेही तात्पुरती जाळी आली. ही दोन शहरं २०२५ मध्ये मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली, पण इटलीने ऑक्टोबर २०२३ पासून त्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली होती. जर्मनीनेही सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या भू-सीमांवर. म्हणून संयुक्त दवाखाना किंवा ट्राम आखताना 'नाका बंद पडला तर कोणाला पलीकडे जाऊ द्यायचं' ही यादी आधीच करून ठेवावी, हे २०२० ने शिकवलं.

भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, याचा काही उपयोग?

देशांच्या सीमेवर नाही, राज्यांच्या सीमेवर आहे. महाराष्ट्राचा १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा राज्याच्या हद्दीवर थांबतो. भारतात अनेक राज्यांचं एकत्र नियोजन करणारं ठळक उदाहरण म्हणजे राष्ट्रीय राजधानी प्रदेश नियोजन मंडळ. त्यासाठी १९८५ चा स्वतंत्र कायदा लागला, आणि तो घटनेच्या २५२ व्या कलमाखाली राज्यांच्या विधिमंडळांच्या संमतीने झाला.

आपल्याकडे तिलारी धरण महाराष्ट्र आणि गोवा यांचं संयुक्त आहे, म्हणजे खर्च आणि पाणी वाटून घेता येतं. पण सांगली-कोल्हापूरला २०१९ सारखा पूर येतो तेव्हा अलमट्टीच्या विसर्गावर बोलणी मंत्री आणि अभियंते करतात. नदीकाठच्या पालिकांना त्या टेबलावर खुर्ची नाही. ऱ्हाइनचा धडा लागू होतो तो इथे. पुण्यात २००६ पासून नागरिक अंदाजपत्रकासाठी प्रभागातली कामं सुचवतात, तेव्हा विचारायची पद्धत आपल्याला परकी नाही. हद्दीबाहेरच्या माणसाला विचारायची मात्र अजून परकीच आहे.

बाझलला गेलो तर हे सगळं एका दिवसात पाहता येईल?

अर्ध्या दिवसातसुद्धा. आठ नंबरच्या ट्रामने वाइलला जा, तिथून चालत ऱ्हाइनकडे या. ह्युनिंगला जोडणारा पादचारी-सायकल पूल २००७ चा, २४८ मीटर लांब, नदीत एकही खांब नाही. ओलांडलात की फ्रान्स. तिथून सँ-लुईला जाऊन तीन नंबरच्या ट्रामने परत बाझल. तिन्ही देश शेंगेनमध्ये असल्यामुळे एकच व्हिसा चालतो, आणि एकदाच प्रवेश देणारा असला तरी या फेरीत तो 'वापरला' जात नाही. पासपोर्ट मात्र खिशात असू द्या, कारण ट्राममध्ये चढून तपासणी होते. आणि रविवारी जाऊ नका. वाइलची दुकानं बंद असतात, त्यामुळे ट्राम रिकामी दिसते आणि चुकीचा समज होतो.